सिलिंडरला रेघ पडली

पहाटे साडेपाचला फोन वाजला की गगनबावड्यात माणूस दोनच गोष्टी धरून चालतो. एक तर कुणीतरी गेलं, नाहीतर कुणाच्या तरी उसात गवा शिरला. दाजींचा आवाज पहिल्या जातीतला होता.

"पावणं, सिलिंडरला रेघ पडलीया."

मी अर्धवट झोपेत होतो. "दाजी, आधी रेग्युलेटर बंद करा. खिडक्या उघडा. लाइटच्या बटणाला कुणी हात लावू नका."

"गॅसचा न्हवं ओ," दाजी कुजबुजले. "ह्यो आपला. नव्या मालाचा."

नवा माल म्हणजे रिव्हॉल्वर. बत्तीस बोअरचं, सहा गोळ्यांचं, पोलादी, निळसर काळं. दाजींचं घर वस्तीपासून लांब, शेतात. त्या एकटेपणाचा दाखला जोडून परवाना मिळवायला त्यांनी तीन वर्षं कोल्हापूरच्या चकरा मारल्या. पंचावन्न किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, साळवणला थांबून चहा प्यायचा आणि साहेब मीटिंगला गेल्याचं अक्काला सांगायचं. या तीन वर्षांत १९५९ चा शस्त्र कायदा दाजींना हरिपाठासारखा पाठ झाला. २०१९ ला तो बदलला, एका माणसाला तीनच्या जागी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली, आणि परवान्याची मुदत मात्र तीनची पाच वर्षं झाली. "एक हत्यार गेलं, दोन वर्षं आली," दाजी म्हणाले. "फायद्यातच की." तोवर त्यांच्याकडे एकही हत्यार नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये माल घरी आला. अक्कानं नव्या मोटरसायकलीला ओवाळावं तसं त्याला ओवाळलं आणि नळीवर कुंकवाचं बोट टेकवलं. दाजींनी ते मनातल्या मनात सहन केलं आणि अक्काची पाठ वळल्याबरोबर पुसलं. त्यानंतर आठवडाभरानं हा फोन.

मी गेलो तेव्हा सोप्यात सतरंजी, सतरंजीवर 'पुढारी', 'पुढारी'वर जुन्या धोतराचा तुकडा आणि त्यावर रिव्हॉल्वर अशी मांडणी होती. शेजारी आजीचं पंचांग वाचायचं भिंग. गोळ्या काढून कपाटात ठेवल्याचं दाजींनी मला दोनदा दाखवलं. हत्यार हातात घ्यायच्या आधी ते रिकामं आहे का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, हा नियम ते कधीही मोडत नाहीत. बाकी सगळ्या बाबतींत मात्र त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा भिंगावर विश्वास.

"बघा."

मी बघितलं. काळं पोलाद, त्यात माझ्या नाकाचं प्रतिबिंब.

"तिरकं धरा. उजेडाकडं. आता?"

आणि दिसली. गोळ्या भरायच्या त्या गोल चरखीच्या अंगावर, सगळीकडून फिरून आलेली, केसाएवढी बारीक, चकचकीत रेघ. सुरीनं सफरचंद सोलायला सुरुवात करावी आणि मध्येच विचार बदलावा, तशी.

रिव्हॉल्वर ज्यांनी जवळून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चरखीला बाहेरून सहा खाचा असतात. खाली चौकटीत एक छोटी खिट्टी बसवलेली असते. घोडा ओढला की चरखी एक घर पुढं सरकते, आणि गोळी नळीच्या बरोबर समोर आली की खिट्टी खाचेत बसून चरखीला जागच्या जागी धरते. खिट्टी खाचेत पडली नाही तर गोळी नळीच्या तोंडाऐवजी काठावर जाणार. त्यामुळं बहुतेक रिव्हॉल्वरांत ती बिचारी खाच यायच्या जरा आधीच डोकं वर काढते आणि खाच येईपर्यंत चरखीच्या अंगाला घासत राहते. एसटीत आपला स्टॉप यायच्या आधी दोन किलोमीटर उठून दारात उभं राहणाऱ्या माणसासारखी. तिच्या त्या घासण्याची ही रेघ. जगातल्या बहुतेक रिव्हॉल्वरांना ती पडते, आणि कारखान्यात चाचणीचे बार काढतात तेव्हाच तिची सुरुवात झालेली असते.

हे सगळं मी दाजींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी कारखान्यातनंच वापरलेलं दिलं?"

"दाजी, बार काढून बघितल्याशिवाय बंदूक विकतात होय?"

"मग भांडीवाला कसा विकतो? त्यानं काय कुकरात भात शिजवून बघितला असतो?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर आतून आलं. अक्का चहा घेऊन येत म्हणाली, "कारखान्याचं काय नाव घेताय? रोज राती मालिका चालू असती तवा हेच बसत्यात की टक टक करत. सासू सुनंला बोलली की एक टक. सुनंनं उलट उत्तर दिलं की दोन टक."

दाजींनी चहात बिस्कीट बुडवलं आणि ते तिथंच विसरले.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात आली. या हत्यारातून दाजींनी आजवर एकही गोळी झाडलेली नाही आणि झाडायची शक्यताही नाही. लग्नाच्या वरातीत बार काढायची जुनी हौस त्याच २०१९ च्या दुरुस्तीनं संपवली, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. गव्यावर झाडायची तर सोयच नाही, त्याच्याबद्दल पुढं येईल. म्हणजे या पोलादाला जे काही ओरखडे पडणार ते सगळे जपण्यातून, पुसण्यातून आणि पाहुण्यांना दाखवण्यातून. चार दिवसांनी नळीच्या टोकाला दुसरी खूण दिसली, ती कातडी म्यानातून आत-बाहेर केल्याची. ती आत-बाहेर कुणासाठी झाली? तलाठी येऊन गेले, सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले, पुतण्याचे सासरे येऊन गेले. मालाचं तोंड बघायला आलेल्या माणसांनीच त्याचं तोंड घासलं.

मी दाजींचं मन रमवावं म्हणून जगभरच्या दुःखितांच्या गोष्टी सांगितल्या. अमेरिकेत १९११ नावाचं एक पिस्तूल आहे, त्या साली तिथल्या लष्करानं घेतलं म्हणून ते नाव. ते साफ करायला खोलून पुन्हा जोडताना एक खटका बाजूनं आत सारावा लागतो, आणि नवखा माणूस हमखास त्याचं टोक पोलादावरून ओढतो. तिथं कमानीसारखा एक ओरखडा उठतो आणि त्याला तिकडं चक्क 'मूर्खाचा ओरखडा' म्हणतात. हौशी मंडळी जुनं पिस्तूल विकत घेताना आधी तो बघतात, म्हणजे मागच्या मालकाची अक्कल कळते. शिवाय तिकडं जुन्या हत्याराची किंमत ठरवताना मूळचा काळा मुलामा किती टक्के शिल्लक आहे हे मोजतात.

दाजींना शेवटची गोष्ट फार आवडली. त्यांनी भिंग लावून हिशेब केला आणि आपल्या रिव्हॉल्वरला साडेनव्याण्णव टक्के दिले. त्यांच्या पोराला दहावीत एकसष्ट होते, त्यामुळं घरात त्या आकड्याला एकदम वजन आलं.

पण उरलेला अर्धा टक्का त्यांना झोपू देईना. आणि इथून पुढचं जे झालं त्याला मी साक्षीदार आहे, भागीदार नाही.

हा काळा मुलामा म्हणजे रंग नव्हे. पोलाद कॉस्टिक सोडा आणि क्षारांच्या उकळत्या, पाण्याच्या उकळीपेक्षाही कडक तापलेल्या द्रावात बुडवतात आणि त्याच्या अंगावर मुद्दाम एक प्रकारचा काळा गंज चढवतात. लाल गंज पोलाद खातो, हा काळा त्याला थोडंफार राखतो. आमच्या घरातला बिडाचा तवा तेल पिऊन काळा होतो आणि मग त्यावर घावन चिकटत नाही, त्याच नात्यातलं प्रकरण. फक्त हा थर इतका पातळ असतो की त्याच्यापुढं केस म्हणजे सोट. अक्का तव्याला कधी घासणीनं घासू देत नाही. दाजींनी मात्र मोबाइलच्या काचेवरचे ओरखडे टूथपेस्टनं जातात असं कुठंतरी ऐकलं होतं. त्यांनी दात घासायचा जुना ब्रश घेतला, टूथपेस्ट घेतली, आणि त्या केसाएवढ्या रेघेला पंधरा मिनिटं घासलं.

रेघ गेली. तिच्या जागी चवलीएवढं पांढरं शुभ्र टक्कल आलं.

त्या रविवारी आम्ही गेलो तर दाजी अंगणात पाटावर बसलेले, डोक्याला काळी मेंदी लावून. हातात तोच ब्रश, मांडीवर रिव्हॉल्वर. उरलेली मेंदी ते चरखीला लावत होते. संध्याकाळपर्यंत दोघंही काळेभोर झाले. आठवड्याभरात दोघांचंही पांढरं खालून डोकावायला लागलं. फरक एवढाच की डोक्याची मेंदी उशीला लागत नव्हती.

शेवटी आम्ही कोल्हापूरला एका बंदूक दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्या कारागिराकडं गेलो. दुकानात तेलाचा, लाकडाच्या भुशाचा आणि जुन्या कातड्याचा वास. भिंतीवर एक-दोन ठासणीच्या बंदुका. या गावात बंदूक म्हणजे नुसती गुंडगिरी किंवा मिरवणं नव्हे, हे अशा दुकानात उभं राहिलं की जाणवतं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली ती इथलीच, राही सरनोबत इथलीच, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. मात्र आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, स्वप्नीलचं पदक अजून सहा महिने लांब होतं.

कारागिरानं चष्मा कपाळावर सरकवला, चरखी एकदा कानाशी धरून फिरवली आणि ऐकली. बघितली नाही, ऐकली. मग विचारलं, "काय लावलंया ह्याला?"

दाजी गप्प. कारागिरानं त्यांच्या डोक्याकडं बघितलं, चरखीकडं बघितलं, आणि काही बोलला नाही. एका बाटलीतलं औषध कापसानं टकलावर फिरवलं. काळपट आलं, पण शेजारच्या काळ्याशी जुळलं नाही. नव्या फरशीच्या घरात एक फरशी बदलल्यासारखं.

"आता रेघ परत नाही ना पडायची?" दाजींनी विचारलं.

"फिरवशीला तर पडंल."

"मग?"

"मग काय? दिसायला हाय ती. वापराला काय होत न्हाई."

हे वाक्य दाजींनी घरी येईपर्यंत सोळा वेळा घोळवलं. वाटेतल्या कळे गावापर्यंत त्यांना त्यात दिलासा वाटत होता, साळवणला शंका आली, आणि घर आलं तेव्हा तो आपल्याला टाळत होता असं त्यांचं पक्कं मत झालं होतं.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि परवान्याची हत्यारं जमा करायचा निरोप आला. पोर पहिल्यांदा वसतिगृहात सोडताना आईबाप जसे जातात, तसे दाजी आणि मी ठाण्यात गेलो. आदल्या रात्री त्यांनी मालाचे सगळ्या बाजूंनी बेचाळीस फोटो काढले होते. त्यांचा आग्रह होता की पावतीवर सध्याच्या खुणा नमूद व्हाव्यात. चरखीवरची रेघ, टकलाची दुरुस्ती, नळीच्या टोकाची झीज. हवालदार चांगला माणूस. त्यानं पेन खाली ठेवलं.

"दाजी, मी पावतीवर नंबर लिवतूय. कुंडली न्हाई."

जूनमध्ये निवडणूक संपली, माल परत आला. दाजींनी सोप्यात बसून बेचाळीस फोटोंशी ताडून बघितलं. एकही नवी खूण नव्हती. उलट फोटो मोठा करून बघताना एक जुनीच खूण सापडली, जी त्यांनी मार्चमध्ये बघितली नव्हती. पकडीच्या लाकडाखाली, स्क्रूच्या डोक्यापाशी. त्या शोधाचं दुःख कुणाच्या नावावर टाकावं ते त्यांना कळेना. फोटो त्यांनीच काढलेला.

आणि जून म्हणजे आमच्याकडचा पाऊस. कोल्हापुरात पाऊस पडतो. गगनबावड्यात तो राहायला येतो. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट ढगात, गगनगड ढगात, आणि ढग आमच्या कपाटात. चामड्याच्या चपलांना मिशा फुटतात, काड्यापेटीची काडी वाकते पण पेटत नाही. अशा हवेत दाजींनी रिव्हॉल्वर कुठं ठेवलं? कातडी म्यानात घालून, म्यान पेटीत, पेटी कुलपात. मायेनं केलं. पण कातडं ओल पितं आणि ती पोलादाला पाजत बसतं, शिवाय कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला मानवत नाहीत. आषाढात उघडलं तर नळीवर तांबूस ठिपके, उन्हाळ्यात पोराच्या कपाळावर घामोळं यावं तसे. नशिबानं तेलाच्या चिंधीनं पुसले गेले, पण कारण ऐकून दाजी खचले. "जपलं म्हणून गंजलं?"

तेव्हा मला राहवलं नाही, मी त्यांना 'आज्ञापत्र' वाचून दाखवलं. रामचंद्रपंत अमात्य, ज्यांना हुकूमतपनाह म्हणत, त्यांच्या घराण्याची जहागीर म्हणजे हेच आमचं बावडं. बावडेकर हे नाव इथलंच. त्यांनी १७१५-१६ च्या सुमाराला लिहिलेल्या या राजनीतीच्या ग्रंथात पावसाळ्यात गडावरच्या तोफा कशा सांभाळायच्या हेही आहे. तोफांना तेल आणि मेण द्यावं, त्यांचे काने मेणानं बुजवावेत, वर आडोसा करावा. दारूगोळा मधूनमधून बाहेर काढून त्याला ऊन द्यावं. मला तर वाचताना नेहमी वाटतं, हे लिहिणाऱ्या माणसानं बावड्याचा आषाढ अंगावर घेतलेला असणार. दरबारात बसून मेण सुचत नाही.

दाजींना गहिवरून आलं. "म्हंजी अमात्यांचंबी ह्येच दुखणं हुतं!" आणि ते उठून देवघराकडं निघाले.

"कुठं चाललाय?"

"मेणबत्ती आणतो. नळी बुजवाय."

अक्कानं मेणबत्ती हातातून काढून घेतली. "अवो, त्यास्नी राज्य राखायचं हुतं. तुमाला कपाट राखायचंय."

दसरा १२ ऑक्टोबरला झाला. खंडेनवमीला कोयता, खुरपं, पोराचा लॅपटॉप, मोटरसायकलचा पाना आणि रिव्हॉल्वर अशी पूजा मांडली. अक्कानं या वेळी कुंकवाऐवजी शेजारी फूल ठेवलं. दाजींच्या डोळ्यांत कृतज्ञता दिसली. फूल ओलं होतं, पण सणाच्या दिवशी मी काही बोललो नाही. १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली, माल पुन्हा ठाण्यात. हवालदारानं दाजींना बघून आपणहोऊन विचारलं, "फोटो काढल्यात न्हवं?"

नोव्हेंबरअखेर परत आला तेव्हा थंडी पडली होती. कुणीतरी सांगितलं की शिवणयंत्राच्या तेलापेक्षा घरचं खोबरेल चांगलं, आणि दाजींनी ते सगळीकडं पाजलं. पहाटे बघतात तर चरखी फिरेना, घोडा ओढेना. खोबरेल थिजून सगळा माल बर्फीसारखा बसला होता. ऊन वर आल्यावर सुटला. त्या चार तासांत चरखीला नवी रेघ पडणं शक्य नव्हतं, एवढंच काय ते समाधान.

डिसेंबरातल्या एका रात्री मी दाजींकडं मुक्कामाला असताना गवा आला. गव्यांचं अभयारण्य शेजारच्या राधानगरी तालुक्यात, दाजीपूरला, १९५८ पासून. गावाच्या नावामुळं गवे दाजींच्या उसात हक्कानं येतात अशी आमच्याकडची थट्टा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गवा पहिल्याच अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. त्याला हात लावायचा नाही, आणि लावला तर बत्तीस बोअर हे त्याला डास चावल्यासारखं. कुत्रं एका सुरात भुंकायला लागलं तसे दाजी उठले. विजेरी घेतली, स्वयंपाकघरात अंधारात हाताला लागलं ते ताट घेतलं, पळी घेतली, आणि बांधावर उभं राहून जे वाजवायला सुरुवात केली ते पार खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं. गवा पाच मिनिटं ऐकत उभा राहिला. मग वळला आणि सावकाश, मान न वळवता, मानकऱ्यासारखा ओढ्याकडं गेला.

आम्ही सोप्यात येऊन बसलो. दाजी खुशीत. चहा ठेवायला म्हणून अक्कानं दिवा लावला आणि ताट बघितलं.

स्टीलचं ताट. अक्काच्या लग्नात आमच्या आईनं दिलेलं. कोल्हापुरात भांड्याच्या दुकानात उभं राहून, टर्रर्र करणाऱ्या त्या मशिनीनं काठावर नाव घालून घेतलेलं. नव्या कोऱ्या स्टीलवर मुद्दाम पाडलेले ते ओरखडे आई दुकानदाराला अजून खोल पाडायला सांगत होती, मला आठवतंय. आईच्या नावातल्या काना-मात्रांच्या बरोबर मधोमध आता पळीचे सहा-सात पोचे बसले होते.

अक्का काही बोलली नाही. तिनं ताट मोबाइलच्या उजेडात तिरकं धरलं. मग आजीचं भिंग मागितलं.

"अगं, दिसायला हायत ते," दाजी म्हणाले. "वापराला काय होत न्हाई."

अक्कानं भिंगातूनच त्यांच्याकडं बघितलं.